हात पोचते तिथवर

हाव, हिरवंच आहे. मी कुठी नाई म्हंतो? पंखाच्या खिडकीचं झाकण काढलं, बॅटरी मारली, आत हिरवं अस्तर दिसलं — झालं तुमचं समाधान. मांगच्या हप्त्यात तुमचे दोन मिस्तरी आले होते मुंबईहून, त्यायनं बी असंच पाह्यलं. एकानं डोळा लावला अन् म्हणे, वा, कारखान्याचंच अस्तर आहे, इतकं जुनं अन् आतून अस्तर मारलेलं इमान नशिबानं भेटते. अन् मंग चार दिवस दोघंबी इंजिनात डोकं घालून बसले. — हसता काऊन? इमान म्हणलं म्हणून? आमी विमानाले इमानच म्हंतो साहेब. तुमी पुण्याचे, तुमाले हसू येईनच. हसा, माहं काई जात नाई. पण ते झाकण सध्या लावू नका. राहू द्या उघडं. अन् बसा या खाटेवर. तुमाले आणून सोडलं ती जीप गेली ना नांदुऱ्याले परत? गेली. मंग कायची घाई? इमान आजच नागपुराले न्याचं आहे, ठाऊक आहे मले. नागपूर काई पळून नाई जात. वारा दोन वाजेलोक पडूनच राह्यते अठी. सहा वर्षं झाली, मी दुसरं पाहूनच काय राह्यलो?

चहा घेता? घ्या. बिनदुधाचा आहे. — मी कोण म्हणता? कागदावर राखणदार. निवृत्ती माहं नाव. कंपनी बुडाली, शेडले सील लागलं, कोर्टात भांडण पडलं, अन् जाता जाता मॅनेजर नारायणराव माह्या हातात किल्ली देऊन गेले — म्हणे निवृत्ती, सांभाळ. सांभाळलं. तुमच्या मालकानं हे कोर्टातून इकत घेईलोक या पत्र्याच्या शेडीत इमान एका अंगाले, मी एका अंगाले. बायको होती तवा तीबी होती. ती म्हणे, या इमानाखाली काय पुरून ठेवलं हो तुमी, सोडत काऊन नाई? माही पोरगी अकोल्याले देली, जावई भला आहे, दर दिवाळीले घ्याले येते. म्हंते, बाबा, कुलूप लावा अन् चला. कुलूप लावता येते हो. पण लावलेलं कुलूप कोणीबी उघडू शकते ना. मी अकोल्याले गेलो, अन् मागून कोणी आलं, अन् पंखात हात घातला — म्हणून मी जात नाई. भाच्याच्या लग्नाले नाई गेलो, बहिणीच्या मयतीले नाई गेलो. नांदुऱ्याच्या बाजारात गेलो तरी दोन घंट्यात परत. लोक म्हंतेत, निवृत्तीसारखा इमानदार माणूस पंचक्रोशीत नाई. — काई नाई, तसंच बोललो. म्हातारा माणूस, बोलाले कोणी भेटत नाई, तोंड सुटलं की सुटते. घ्या चहा, थंडा होते.

मी मुळातला इमानवाला नाई साहेब. कल्हईवाला मी. माहा बाप कल्हईवाला, त्याचा बाप कल्हईवाला. नांदुरा, मोताळा, जळगाव जामोद — तिन्ही बाजारांत आमचा भाता चाले. बाया पातेली घेऊन रांगेत बसत अन् बाप एकेकीचं भांडं उन्हाकडं धरून सांगे, बाई, हे मांगच्या वक्ती कोणाकडून केलं? त्यानं फसवलं तुमाले. वास घेऊन सांगे, साहेब. मंग स्टील आलं अन् आमचा धंदा बसला. म्हणूनच तर मी अठी लागलो. अडुसष्ट साली कंपनीनं दोन इमानं आणली, पऱ्हाटीवर, तुमच्या कपाशीवर, औषध फवाराले. लोक बैलगाड्या जुंपून पाह्याले येत, लेकराबाळांसंग, भाकरी बांधून. कंपनीले पत्र्याचं काम जाणणारा माणूस पायजे होता — औषधाच्या टाकीले गळती लागली, नरसाळं फुटलं, डाग द्या. डाग देणं तर माह्या हातचा मळ. लागलो.

अन् पयल्याच दिवशी म्या या पंखाच्या खिडकीतून आत पाह्यलं अन् मले हसू आलं. बाहेरून पिवळा चकचकीत रंग, लाल पट्टा — अन् आतून नागडं. नुसता पत्रा. म्या तठल्या इंजिनेरले म्हणलं, साहेब, हे बनवणारे लोक कसे आहेत? आमच्या इकडची कोणतीबी बाई सांगन, भांड्याले कल्हई आतून पायजे, बाहेरून नसली तरी चालते. यायचं तर सगळं उलटंच. तो भला माणूस होता, हसला नाई. त्यानं समजावलं मले — म्हणे निवृत्ती, या पत्र्यावर चोख ॲल्युमिनियमचा एक पापुद्रा असते, कारखान्यातच दाबून बसवलेला, तुह्या कल्हईसारखाच, तो आतल्या पत्र्याले सांभाळते. अन् त्याच्यावर हिरवं अस्तर पायजे असन तर तेबी मारून देतेत, पण ते मांगा लागते. मागणीच्या कागदावर खूण करा लागते. समुद्राकाठचे लोक मांगून घेतेत. आपल्या मालकानं खूण नाई केली. म्या म्हणलं, काऊन? म्हणे, एक तर अस्तराचं वजन होते, तेवढं औषध कमी मावते. अन् दुसरं, मालक म्हणे बुलढाणा जिल्ह्यात समुद्र कुठी आहे? — आता समुद्र नाई हे खरं. पण ते औषध? फवारताना त्याचे थेंब पंखाच्या सांदीसांदीतून आत जात अन् तठीच सुकत. नाकाले झोंबे. त्याच्यापेक्षा समुद्र परवडला असता.

तर दोन वर्षांत आतून पांढरं दिसाले लागलं. पिठासारखी भुकटी. बोटानं पुसली की जाये, आठ दिवसांनं परत. कुठी कुठी पत्रा फुगून येये, पोळी फुगते तसा. सरकारचा तपासनीस आला मुंबईहून, त्यानं लिहून ठेवलं — दोन्ही इमानं आतून साफ करून अस्तर मारा, मंग उडवा, पंधरा दिवसांनं पाह्याले येतो. अन् तो भला इंजिनेर तवा नोकरी सोडून गेलेला, नवा अजून यायचा. सत्तर सालचा श्रावण. पऱ्हाटीवर अळी पडलेली, सगळीकडून बोलावणं, अन् इमानं उभी. पंख सोडाचे, पत्रा उसवाचा, आतून रंगवाचं, परत जोडाचं म्हणजे दोन महिन्यांचं काम. नारायणरावनं हिरव्या अस्तराचे डबे आणले, मले बोलावलं, म्हणे, तू कल्हईवाला ना? मंग तुले हे काय जड आहे. पंख उघडाचा नाई. खिडकीतून हात घालाचा, अन् हात पोचते तिथवर मार. — हेच शब्द, साहेब. हात पोचते तिथवर. म्या मारलं. एका पंखाले चार खिडक्या. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, गाल पत्र्याले लावून मारलं, दोन्ही इमानांले. तपासनीस आला, खिडकीतून बॅटरी मारली, पाहावं तठी हिरवं. त्याची नजर तरी तठीच जाणार ना, जठून माहा हात गेला. पास. नारायणरावनं इमानाच्या वहीत इंग्रजीत लिहिलं, आतून अस्तर आहे. तेच तुमच्या मिस्तऱ्यायनं वाचलं अन् तेच तुमी वाचलं. ते कारखान्याचं नाई साहेब. ते माहं आहे.

काय म्हणले? अर्धवट असलं तरी चालते? बिनाअस्तराची कितीतरी इमानं उडून राह्यली? हाव, असतीन. नसतीन असं मी कुठी म्हंतो. तेवढंच असतं तर म्या तुमाले चहाले बी बसवलं नसतं, हात जोडून म्हणलं असतं, या साहेब. अन् अस्तर तसं पक्कं आहे, निघणार नाई, आधी चांगलं घासून मंगच मारलेलं — कायनं म्हणजे? फडक्यानं. घासाले आणखी काय लागते. चिंधीनं घासलं. तुमी असं पाहू नका माह्याकडं. चहा संपला का? आणखी टाकू?

खरं सांगू का. आज सकाळी तुमच्या जीपचा धुरळा दिसला अन् मले आनंद झाला. म्हणलं, आला बावा सोडवाले. दोन वाजता हे इमान उडन, त्या टेकडीपलीकडं जाईन, दिसेनासं होईन, अन् मंग कुठीबी काईबी होवो, नांदुऱ्यात होणार नाई. माह्या डोळ्यापुढं होणार नाई. म्या किल्लीबी काढून ठेवली होती तुमाले द्याले. सहा वर्षांत पयल्यांदा म्या दाढी करताना गाणं म्हणलं, साहेब, लाज वाटते सांगाले. अन् मंग तुमी जीपमधून उतरले, अन् म्हणले, काय बाबा, बरे आहात ना. बाबा नव्हतं म्हणाचं तुमी. राखणदार म्हणाचं, ए म्हणाचं, म्या कुलूप उघडून देलं असतं अन् गप बसलो असतो. — लेकरं किती तुमाले? एक? किती वर्षांची? तीन. — नवसागर. नवसागरानं घासलं ते. नवसागर अन् चिंच.

तुमाले नवसागर ठाऊक नसन. कल्हईचा जीव आहे तो. भांडं तापवाचं, चिमूट नवसागर टाकाचा, पांढरा धूर उठते, कापसानं पुसलं की पितळ लख होते अन् मंग कथील धरते. बापानं शिकवलं होतं, घासल्याबिगर कोणताच लेप धरत नाई. अन् मले कोणी सांगतलं नव्हतं साहेब. हे नारायणरावच्या माथी मारता येत नाई, म्या लय येळा मारून पाह्यलं, बसत नाई. ते म्हणे नुसता रंग मार. पण माह्या हाताले पटेना. भुकटीवर रंग मारू? लोकायनं म्हणलं असतं, कोणाचा पोरगा हा? म्या घरून नवसागर आणला, चिंच कोळली, चिंध्या भिजवल्या, अन् पंखाच्या आत असं घासलं, असं घासलं — चांदी. पंखाच्या मधात जो जाड दांडा असते ना, ज्याच्यावर सगळा पंख तोललेला, आमी त्याले आढं म्हणो, घराचं आढं असते तसं — ते आढं तर म्या जीव लावून घासलं. कारखान्यानं बसवलेला तो चोख पापुद्रा होता, तेवढाच एक होता, तो म्या घासून काढला. अन् नवसागर सांदीत राह्यला, रिवेटीच्या बुडात राह्यला, अन् त्याच्यावर म्या हिरवं अस्तर मारून त्याले आत कोंडला. पितळेले जे औषध, ते ॲल्युमिनियमले वीख. हे मले नव्या इंजिनेरनं सांगतलं. म्या असंच बोलता बोलता इचारलं होतं, साहेब, ॲल्युमिनियमच्या पांढऱ्याले नवसागर चालते का? तो म्हणे, बावळट आहे का बे, वर्ष-दीड वर्षात पोखरून टाकीन. तवा घासून तीन महिने झाले होते. अन् म्या काय म्हणलं? म्या म्हणलं, नाई, असंच इचारलं.

पटत नाई ना? हा घ्या माहा दाढीचा आरसा. खिडकीतून आत घाला, वाकडा धरा, अन् बॅटरी मारा. आणखी आत. दिसली हिरव्याची हद्द? तठी माहे बोटं संपली. त्याच्यापुढं पाहा, नागडा पत्रा आहे, जुन्या भुकटीनं जरासा मळकट, पण जसाच्या तसा. जठी माहा हात पोचला नाई तठी हे इमान अजून बरं आहे, साहेब. आता हा पेचकस घ्या. माह्या हातात नका देऊ, तुमीच धरा. ते हिरवं दिसते ना आढ्यावर, गुळगुळीत, जठी तुमच्या मिस्तऱ्यानं वा म्हणलं, तठी टेकवा. जोर नका लावू. नुसता टेकवा अन् — गेला ना? मुठीपर्यंत गेला. काढा हळू. त्याच्यासंग जे पांढरं आलं, चिरोट्यासारखं पदर पदर सुटलेलं, ते आढं आहे. त्याच्यावर तुमी दोन वाजता बसणार होते.

बसा. पाणी घ्या. माठातलं आहे. — दुसरं? दुसरं इमान कुठी आहे इचारता. हाव, दोन होती म्हणलं म्या. कायले म्हणलं. — दुसरं इंद्रभानपाशी होतं. जळगाव जामोदचा इंद्रभान, मास्तरचं एकुलतं पोरगं, तुमच्याच वयाचा असन तवा. बाकीचे चालक मुंबईचे, दिल्लीचे, आमच्याशी बोलत नसत. हा उतरला की पयले माह्या चुलीपाशी. म्हणे, निवृत्तीभाऊ, काई आहे का? जाता येता मायच्या घरावरून पंख हालवून जाये. एकाहत्तरचा अश्विन होता. मोताळ्याकडं एका वावरावर फवारा मारत होता, बांधापाशी आला, नेहमीसारखं इमान वर उचललं — अन् उजवा पंख मिटला. मिटला, साहेब. चांगुणा नावाची बाई शेजारच्या वावरात निंदून राह्यली होती, तिनं पाह्यलं. ती सांगे, पंख आधी दुमडला अन् मंग ते बाभळीवर गेलं. चौकशीवाले म्हणे, बाई, तुले काय समजते. निंदणाऱ्या बाईचं कोण लिहून घेते? कागदावर काय आलं — चालक फार खाली उतरला, झाडाले धडकला, चूक चालकाची. इमानाच्या वहीत तर सगळं ठीकच होतं ना. आतून अस्तर आहे.

म्या पाह्यलं ते. तुकडे उचलाले नारायणरावनं मलेच नेलं ट्रकसंग. बाकी सगळं जळालं होतं, पण तो पंख वेगळा पडलेला, बाभळीच्या अलीकडं. अलीकडं, साहेब, ध्यानात घ्या, आधी तुटलेला. त्याच्या आढ्याचं मोडलेलं तोंड म्या पाह्यलं. पांढरं, पदर सुटलेलं, अन् वरून माहा हिरवा हात. चौकशीवाला वीस पावलांवर उभा राहून सिगरेट ओढत होता. म्या तो तुकडा उचलला अन् ट्रकात सगळ्यात खाली टाकला. वरून बाकीचा पत्रा टाकला. नारायणरावनं पाह्यलं का नाई पाह्यलं, मले ठाऊक नाई. रस्त्यात ते एवढंच म्हणे, निवृत्ती, तुले नोकरीवरून कोणी काढणार नाई.

कोणाकोणाले ठाऊक आहे? हे काऊन इचारता? — कोणाले नाई. नारायणराव वारले. बायकोले नाई सांगतलं, ती तसंच मले शिव्या देत गेली. आता तुमाले. अन् इंद्रभानची माय येते, मंजुळाबाई, तिलेबी ठाऊक नाई. हाव, येते ना. दरसाली अश्विनात, एकटी, बसनं. फाट्यावर उतरते, पायी येते, मैदानाच्या काठाले बसून धावपट्टीकडं पाह्यत राह्यते. मंग या दारात येते. आत येत नाई, इमानाकडं पाह्यत नाई. माह्यासाठी भाकर अन् ठेचा आणते, कारण पोरगं माह्या चुलीपाशी जेवत होतं ना. त्यायच्या गावात लोक म्हंतेत, पोरगा मस्तीत उडवत होता, स्वतः मेला अन् कंपनी बुडवली. मास्तर त्याच बोलण्यानं खचून गेले. तर तिसऱ्या साली तिनं मले इचारलं. म्हणे, निवृत्तीभाऊ, तुमी तर त्याच्यासंग राह्यत होते, तुमी खोटं नाई सांगाचे. माहा पोरगा घाईचा होता का? चूक त्याची होती का?

माह्या तोंडात तिच्या भाकरीचा घास होता, साहेब. — म्या म्हणलं, हाव माय. जरासा घाईचा होता.

तिनं मान हालवली. म्हणे, लहानपणापासून तसाच, झाडावरून उड्या मारे. अन् उरलेली भाकर झाकून ठेवली माह्यासाठी अन् गेली. पुढच्या साली परत आली, परत भाकर घेऊन. ते नवसागराचं चुकून झालं. ते मी देवापुढंबी सांगीन, अडाण्याचा हात होता, वाईट कराचं मनात नव्हतं. पण हे चुकून नाई झालं. तो इमान अशा हातानं उडवे, जसं तान्हं लेकरू उचलावं. त्याच्याइतका जपून उडवणारा म्या पाह्यला नाई. अन् त्याच्या मायले म्या सांगतलं घाईचा होता, कारण की नाई म्हणलं असतं तर तिनं इचारलं असतं, मंग कशानं पडलं? तेवढ्यासाठी. मेलेलं पोरगं म्या दुसऱ्यांदा पाडलं, अन् तिनं ते मानून घेतलं. मले त्या भाकरीची चव अजून जात नाई.

काय? — हळू काऊन बोलता? अठी कोण आहे ऐकाले. — सही करून बसले? कवा? सकाळीच? नांदुऱ्याच्या स्टेशनावर, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून. पाहणी केली, उडवाले लायक आहे. इमान पाह्याच्या आधीच. वहीत लिहिलंच होतं ना अस्तर आहे म्हणून, मंग पाह्याचं काय. हाव. समजते मले, मले नाई समजन तर कोणाले समजन? तुमचा मालक चिडन, लायसन जाईन, लेकरू तीन वर्षांचं आहे. म्हणजे तुमचं म्हणणं असं, की इंजिनात काई निघालं म्हणून कळवाचं, इमान अठीच पडू द्याचं, अन् म्या आणखी दोन-चार वर्षं सांभाळाचं. तुमी कोणाले सांगत नाई, मी कोणाले सांगत नाई. अन् म्हातारीले आता सांगून काय फायदा, तिचं पोरगं काई परत येत नाई. नाई, बरोबर आहे. नारायणरावबी असंच बोलत, असंच हळू, गोड. तुमाले वाईट म्हणत नाई मी, साहेब. तुमी वाचले याचं मले बरं वाटते, खरंच वाटते.

पण एक सांगतो. हे गप बसणं दुरून होत नाई. पुण्याले बसून होत नाई. त्याच्यापाशी राहा लागते. सकाळी उठलं की पयले झाकणं पाहा लागतेत, कोणी पेच तर नाई फिरवला. धुरळा दिसला की उठून दारात यावं लागते. पोरगी बोलावते तरी जाता येत नाई. तर ही घ्या किल्ली. घ्या ना, हात काऊन मागं घेता? खाट आहे, माठ आहे, विहिरीचं पाणी गोड आहे. चूल पावसाळ्यात धुपते, तेवढं पाहाल. माह्यानं होत नाई आता. — अकोल्याले? नाई, अकोल्याले नाई. जळगाव जामोदची बस तीनले फाट्यावर येते. पोलिसात बी जाईन, भेता काऊन, तुमच्या सहीचं म्या नाव बी नाई घेणार. म्या पाह्यलीच नाई ती सही. पण पोलिसाच्या आधी माय. तिनं मले दारातून हाकललं की मंग पोलीस.

दारात काऊन उभे राह्यले, साहेब? — सरका. बस जाईन माही. — सरका म्हंतो ना.